मॉडेल जहाजाच्या डोलकाठ्या आणि परबाणं: घडवणं, सांधणं, उभारणं

प्रश्न थोडक्यात असा: १:६४ प्रमाणातलं तीन डोलकाठ्यांचं जहाज, हल (जहाजाचं धड) आणि डेक पूर्ण. किटमधल्या गोल काठ्या ड्रिलला लावून निमुळत्या केल्या, तर त्या एका बाजूला जाड राहिल्या. टॉपमास्ट, म्हणजे खालच्या काठीला वर जोडलेली दुसरी काठी, तिच्या रेषेत येत नाही, मागे कलतो. आणि दोर ताणताना परबाण (शीड टांगायची आडवी काठी) डोलकाठीवरून सुटून हातात येतं. काय चुकतंय?

तक्रारी तीन असल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक एकच आहे: काठी फार लवकर गोल झाली. गोल काठीवर मध्यरेषा नीट मारता येत नाही, गुण्या टेकत नाही, भोक नेमकं मध्यावर आहे का हे फक्त डोळा सांगतो, आणि दोन-चार मिलिमीटरच्या कामात डोळा सर्रास फसवतो. त्यामुळे किटमधल्या गोल काठ्या बाजूला ठेवा. चौकोनी पट्टी घ्या आणि तिचा चौकोन जितका उशिरा मोडता येईल तितका उशिरा मोडा.

लाकूड निवडताना जातीपेक्षा रेषा बघा. बर्च, पेअर, बीच, बॉक्सवुड ही बारीक पोताची लाकडं उत्तम. लाइम किंवा बासवुड कापायला सोपं, पण मऊ. त्यावर दोर घट्ट बांधला की खाच पडते आणि पातळ टोकं वाकतात. किटमधल्या अक्रोडाच्या काठ्या दिसायला छान, पण त्यांची छिद्रं उघडी आणि मोठी असतात. १:६४ ला ती छिद्रं प्रमाणाबाहेर मोठी दिसतात, शिवाय ३ मिमीच्या खाली लाकूड कडकन मोडतं. पट्टीच्या लगतच्या दोन्ही बाजूंवर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते का ते पाहा. रेषा मध्येच बाजूला निघून जात असेल, तर आज सरळ दिसणारी काठी पुढच्या पावसाळ्यात वाकणार. २ मिमीच्या आतल्या टॉपगॅलंट (टॉपमास्टच्याही वरच्या काठीच्या) परबाणांसाठी चिरलेला बांबू मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. त्याचे धागे लांब असतात, त्यामुळे बारीक केला तरी तो सहज मोडत नाही.

मापं कुठून आणायची

नकाशात व्यास दिलेले असतील तर ते घ्या. नसतील किंवा किटमध्ये सगळ्या काठ्या एकाच जाडीच्या असतील (असं फार होतं), तर १८व्या शतकाच्या अखेरच्या इंग्लिश युद्धनौकांचे ठोकताळे वापरता येतात. मुख्य डोलकाठीच्या दर ३ फूट लांबीमागे १ इंच व्यास, म्हणजे एकूण लांबीचा छत्तिसावा भाग. टॉपमास्टलाही तेच. खालच्या मोठ्या परबाणांना दर ३ फुटांमागे ०.७ इंच, टॉपसेल (टॉपमास्टवरच्या) परबाणांना ०.६२५ इंच. मिझनची (सर्वांत मागच्या डोलकाठीची) खालची काठी या हिशोबात बसत नाही, ती मुख्य काठीपेक्षा बरीच बारीक असते. लांबी मोजताना डेकखालचा, जहाजाच्या तळापर्यंतचा भागही धरायचा, तुमच्या मॉडेलमध्ये काठी तिथपर्यंत जात नसली तरी. तो धरला नाही की काठ्या बारीक होतात आणि अख्खं जहाज किरकोळ दिसतं.

काठी डेकपासून वर सरळ शंकूसारखी निमुळती होत नाही. डेकपाशी ती सर्वांत जाड असते, बराच वेळ जवळपास तशीच राहते आणि वरच्या भागात पटकन कमी होते. डेकपासून ट्रेसलट्री (डोलकाठीच्या वरच्या भागातल्या, टॉपमास्टला आधार देणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या) बसतात तिथपर्यंतच्या अंतराचे चार समान भाग केले, तर पहिल्या खुणेवर कमाल व्यासाचा ६०/६१, दुसऱ्यावर १४/१५, तिसऱ्यावर ६/७, ट्रेसलट्रीपाशी ३/४ आणि अगदी शेंड्याला ५/८. म्हणजे २८८ मिमी लांबीच्या काठीला डेकपाशी ८.० मिमी, मग ७.९, ७.५, ६.९, ६.० आणि शेंड्याला ५.० मिमी. पहिल्या चौथाईत फक्त ०.१ मिमी कमी होतंय हे लक्षात घ्या. ड्रिलवर फिरवून केलेल्या काठीत हा हलका फुगवटा सहसा येत नाही, सरळ शंकू होतो, आणि जाणकार माणूस तो लांबून ओळखतो.

परबाणाची गणितं मध्यापासून दोन्ही टोकांकडे. अर्ध्या लांबीचे चार भाग; खुणांवर ३०/३१, ७/८, ७/१० आणि टोकाला ३/७. २५२ मिमीच्या मुख्य परबाणाला मध्यावर ४.९ मिमी, मग दर ३१.५ मिमीवर ४.७, ४.३, ३.४ आणि टोकाला २.१. इथे टोकाकडचा उतार डोलकाठीपेक्षा खूप जास्त आहे. परबाणं जाडजूड राहण्याचं कारण बहुधा हेच: शेवटच्या चौथाईत हात आखडता घेतला जातो.

चौकोनाकडून गोलाकडे

८ मिमीच्या काठीसाठी ८.५ मिमीची पट्टी घ्या, लांबी दोन्हीकडून १५ मिमी जास्त ठेवा. चारही बाजूंवर धारदार पेन्सिलीने मध्यरेषा मारा आणि वरच्या खुणा चारही बाजूंवर फिरवा. आता समोरासमोरच्या दोन बाजूंवर, प्रत्येक खुणेवर, मध्यरेषेच्या दोन्हीकडे निम्मा व्यास मोजून ठिपके द्या आणि ते जोडा. छोट्या रंध्याने त्या रेषेपर्यंत उतरा, नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. उलटा रंधा मारलात की पातं रेषेखाली शिरतं आणि मोठा तुकडा उचकटतो. दोन बाजू झाल्या की त्यांच्यावर मध्यरेषा पुन्हा मारायची, कारण जुनी रंध्याबरोबर गेली, आणि मग उरलेल्या दोन बाजू. आता हातात निमुळती पण चौकोनी काठी आहे. कॅलिपरने प्रत्येक खुणेवर दोन्ही दिशांनी माप घ्या. फरक ०.१ मिमीच्या आत हवा. दुरुस्तीची सोपी वेळ हीच. पुढे ती मिळत नाही.

आठ पैलूंसाठी प्रत्येक बाजूची रुंदी ७:१०:७ अशी वाटा. ८ मिमीवर कडेपासून २.३ मिमी, ६ मिमीवर १.७५ मिमी. दर खुणेला मोजत बसण्यापेक्षा एक खाचेचा गेज करून घ्या. लाकडाच्या छोट्या तुकड्यात दोन खिळे २४ मिमी अंतरावर (आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत) आणि त्यांच्यामध्ये दोन पेन्सिलीची टोकं, खिळ्यांपासून प्रत्येकी ७ मिमीवर. गेज काठीवर तिरका धरून दोन्ही खिळे कडांना टेकवत ओढला की काठी कितीही निमुळती असो, रेषा आपोआप योग्य जागी पडतात. काठी धरायला दोन पट्ट्यांच्या कडा ४५ अंशांनी छाटून त्यांची व्ही खोबण करा आणि एका टोकाला आडवा अडथळा चिकटवा. कोपरे रंध्याने उतरवले की आठ पैलू, कानशीने त्यांचे कोपरे मारले की सोळा, आणि पुढचं काम काचकागदाचं: १२०, १८०, २४०, शेवटी ३२०. कागदाची पट्टी आडवी गुंडाळून पुढेमागे ओढा, मधूनमधून काठी पाव वळण फिरवा, आणि शेवटचा हात लांबीच्या दिशेने, नाहीतर आडवे ओरखडे रंगाखालून डोकावतात.

गोल काय करायचं नाही, हे आधी मास्किंग टेपने बांधून ठेवा. खालच्या डोलकाठीचा शेंडा (ट्रेसलट्रीच्या वरचा भाग) चौकोनी राहतो. टॉपमास्टचं बूड चौकोनी किंवा आठ पैलूंचं राहतं. मोठ्या परबाणांचा मधला एक चतुर्थांश भाग इंग्लिश जहाजांत आठ पैलूंचा असतो. गोल काठीवरून हे भाग नंतर चौकोनी करता येत नाहीत, कारण व्यासाइतकाच चौकोन काढायला लाकूडच उरलेलं नसतं.

ड्रिल टाकून द्या असं नाही. मग तुमची काठी एका बाजूला जाड का झाली? ती मुळात किंचित वाकडी होती, किंवा चकमध्ये तिरकी धरली गेली. फिरताना तिचं मोकळं टोक वर्तुळ काढत होतं, आणि कागद फक्त बाहेर येणाऱ्या बाजूला घासत होता. काठी गोलच झाली, फक्त वेगळ्या अक्षाभोवती. उपाय म्हणजे काठी आधी काचेवर लोळवून बघा. खालून उजेडाची फट दिसली की ती काठी बाद. चकमध्ये धरायच्या भागाला टेपचे दोन वेढे द्या, दुसरं टोक लाकडी ठोकळ्यातल्या सैल भोकात टेकवा, वेग मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास, आणि कागद एका जागी थांबू देऊ नका. ३ मिमीच्या आतल्या काठीचा चकबाहेर ६०-७० मिमीपेक्षा जास्त भाग ठेवू नका. पैलू हातानेच पाडा आणि ड्रिल फक्त शेवटच्या गुळगुळीतपणापुरतं वापरा, म्हणजे अक्ष बिघडायला वावच राहत नाही. मास्क लावा, ही धूळ फार बारीक असते.

व्यास तपासायला प्लॅस्टिकच्या पत्र्यात ८.०, ७.५, ७.०, ६.५ अशी भोकं पाडून ठेवा. काठी भोकातून किती आत जाते ते बघितलं की कॅलिपर दर मिनिटाला उघडावा लागत नाही.

सांधा: टॉपमास्ट मागे का कलतो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टॉपमास्ट खालच्या काठीच्या शेंड्यासमोर, म्हणजे नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) बाजूला, उभा असतो. त्याला दोनच आधार: खाली ट्रेसलट्रींच्या मधला चौकोन आणि वर कॅपमधलं (दोन्ही काठ्यांना जोडणाऱ्या ठोकळ्यातलं) गोल भोक. या दोन्ही ठिकाणी दोन काठ्यांच्या मध्यांतलं अंतर सारखंच असायला हवं. बहुतेकांचं इथेच बिघडतं, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. खालच्या काठीचा शेंडा ट्रेसलट्रीपाशी ६ मिमी असतो आणि कॅपपाशी ५ मिमी. दोन्ही ठिकाणी टॉपमास्ट शेंड्याला सारखाच चिकटून बसवला, तर वर तो अर्धा मिलिमीटर मागे येतो. ट्रेसलट्री ते कॅप हे अंतर ४० मिमी आणि टॉपमास्ट १७३ मिमी लांब असेल, तर तो अर्धा मिलिमीटर टोकाला २ मिमीहून जास्त होतो. टॉपगॅलंट जोडली की आणखी वाढतो.

तर आकडा आधी ठरवा. ट्रेसलट्रीपाशी शेंड्याचा निम्मा ३ मिमी, टॉपमास्टच्या बुडाचा (४.८ मिमी) निम्मा २.४, मधली फट ०.६, एकूण ६.० मिमी. हाच आकडा कॅपमध्ये. कॅपसाठी ४ मिमी जाडीची लांब पट्टी घ्या, मध्यरेषा मारा, ६.० मिमीवर दोन खुणा टोच्याने टोचा आणि दोन्ही भोकं पट्टी न हलवता, उभ्या स्टँडवर पाडा. पुढचं टॉपमास्टसाठी, काठीपेक्षा ०.२ मिमी मोठं. मागचं आधी ३.८ मिमी गोल आणि मग चौकोनी सुई-कानशीने ४ मिमी चौकोन, खालच्या काठीच्या शेंड्यावर काढलेल्या ४ मिमीच्या चौकोनी टोकासाठी. भोकं नीट पडल्याची खात्री झाल्यावरच कॅप पट्टीतून कापा. छोटा तुकडा आधी कापून त्यात भोकं पाडायला गेलात, तर तो दोन भोकांच्या मधून रेषेत चिरतो. ट्रेसलट्रींच्या जोडीसाठीही अशीच एक पट्टी आधी सांगाडा म्हणून वापरा: चिकटवताना मधल्या जागेत ४.८ मिमीचा चौकोनी तुकडा अडकवून ठेवायचा, म्हणजे खिडकी अचूक उरते.

फिड म्हणजे टॉपमास्टच्या बुडातून आडवी जाणारी चौकोनी खुंटी. ती दोन ट्रेसलट्रींवर टेकते आणि टॉपमास्टचा सगळा भार पेलते. १:६४ ला १ मिमी चौकोनी पितळ किंवा कठीण लाकूड. ही दिखाऊ वस्तू समजून गाळू नका. फिड असली की टॉपमास्टची उंची ठरून जाते, तो दोरांच्या ताणाने खाली सरकत नाही आणि गोंदाची गरज उरत नाही.

ट्रेसलट्री डोलकाठीला काटकोनात नसतात, पाण्याच्या रेषेला समांतर असतात. काठी ३ अंश मागे झुकलेली असेल आणि टॉप (ट्रेसलट्रींवरचा फलाट) ३० मिमी लांब असेल, तर काटकोनात बसवलेल्या टॉपची पुढची कड मागच्यापेक्षा दीड मिमीहून जास्त वर जाते. तीन काठ्यांचे तीन टॉप वेगवेगळ्या कोनांत आकाशाकडे बघायला लागले की सगळी दोरकामाची मेहनत फिकी पडते. म्हणून बाजूच्या गालांची (चीक, म्हणजे ट्रेसलट्रींना खालून पेलणाऱ्या फळ्या) वरची कड झुकावाच्या कोनात तिरकी घासा, मग ट्रेसलट्री टेकवा. कॅपही तशीच. झुकाव २-३ अंशांचा असेल तर कॅपची भोकं सरळ पाडली तरी चालतं; ४ मिमी जाडीत फरक ०.१-०.२ मिमीचा पडतो आणि सैलपणात तो मुरतो. ५ अंशांच्या पुढे मात्र पट्टीखाली पाचर ठेवून भोकं तिरकी पाडा.

उभारण्याआधी आणि उभारताना

काठी जहाजावर गेल्यानंतर तिच्यावर काहीही करणं तिप्पट अवघड होतं. म्हणून टॉप, गाल, कॅप, खुंट्या, आयबोल्ट (कडीचे खिळे), टॉपखालचे ब्लॉक (कप्प्या), दोरांचे वेढे, सगळं टेबलावर उरका. खालच्या काठ्या अनेक तुकड्यांच्या जोडून केलेल्या असत, त्यांना आवळायला १८व्या शतकात जागोजागी दोराचे साधारण तेरा वेढे असायचे आणि त्यांच्या वर-खाली लाकडी कडी. १९व्या शतकात त्यांची जागा लोखंडी पट्ट्यांनी घेतली. वेढ्यांसाठी १:६४ ला ०.३५-०.४ मिमीचा दोरा बरोबर दिसतो. पट्ट्यांसाठी काळा रंगवलेला कागद पांढऱ्या गोंदाने लावा. विजेच्या तारेवरची आकसणारी नळी पटकन बसते, पण तिची जाडी आणि चकाकी शेवटपर्यंत प्लॅस्टिकचीच राहते.

रंग किंवा डाग देण्याचं काम गोंदाच्या आधी. गोंद मुरलेल्या जागी डाग चढत नाही आणि फिकट ठिगळं दिसतात. सुपरग्लूची वाफ तर गडद लाकडावर पांढरी बुरशीसारखी साय धरते. इथे सगळीकडे पांढरा लाकडी गोंद वापरा. पितळ लाकडात बसवायचं असेल तिथेच इपॉक्सी.

आता झुकाव. डेकवर गुण्या ठेवून कोन मोजू नका. डेकला लांबीतही बाक असतो आणि रुंदीतही. कण्यावरूनही नको, कारण पुष्कळ जहाजांचा कणा पाण्याच्या रेषेला समांतर नसतो, मागे खोल असतो. मॉडेल पाळण्यावर असं ठेवा की पाण्याची रेषा टेबलाला समांतर येईल. पुढे-मागे दोन ठिकाणी टेबलापासून तिची उंची मोजून पाचरी सारा. मग नकाशावरून जाड पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा: एक कड टेबलाला, दुसरी डोलकाठीला समांतर. तिन्ही काठ्यांचा झुकाव सहसा वेगळा असतो. मिझन सर्वांत जास्त मागे आणि पुढची जवळपास उभी, असं पुष्कळदा सापडतं, पण आकडा तुमच्या नकाशाचाच घ्या.

डावी-उजवी बाजू तपासायला शेंड्यावर दोरा बांधून दोन्ही बाजूंच्या कठड्यावरच्या सारख्या बिंदूंपर्यंत लांबी मोजा. ती सारखी यायला हवी. मग समोरून, नाळेच्या टोकाच्या उंचीवर डोळा ठेवून बघा: पुढची काठी मागच्या दोघींना झाकते का? मागे ओळंबा लटकवला की शंका उरत नाही.

डेकमधलं भोक काठीपेक्षा ०.५ ते १ मिमी मोठं ठेवा. घट्ट भोक हा गुण नाही. त्यात काठीचा कोन भोक ठरवतं, तुम्ही नाही. सैल जागेत चारही बाजूंनी बारीक पाचरी घालून कोन जमवायचा, वरून डोलकाठीचा कॉलर बसतो आणि सगळं झाकलं जातं. बुडाचं टोक चौकोनी करून तळातल्या चौकोनी खाचेत बसवा, नाहीतर श्राउड (काठीला मागून आणि बाजूंनी धरणारे दोर) ताणताना काठी स्वतःभोवती फिरते आणि टॉप तिरके होतात. हल आधीच बंद केलं असेल आणि आतली खाच चुकीच्या जागी असेल, तर भोकात कठीण लाकडाची खुंटी गोंदाने भरून, सुकल्यावर, योग्य कोनात छिद्र असलेला मार्गदर्शक ठोकळा डेकवर टेकवून नवं भोक पाडा. खालची काठी कायमची चिकटवू नये असं माझं मत आहे. हल उथळ असेल आणि काठी डेकखाली २० मिमीपेक्षा कमी जात असेल, तरच बुडाला गोंदाचा थेंब.

बोस्प्रिट (नाळेतून पुढे निघालेली तिरकी काठी) डोलकाठ्यांच्या जोडीनेच बसवून घ्या, नंतर नाही. पुढच्या डोलकाठीचे सगळे स्टे (काठीला पुढे खेचणारे दोर) तिच्यावर ओढले जातात. तिला खाली आवळणारे वेढे एकमेकांना छेदत जातात, आणि ते स्टे बांधण्याच्या आधी पूर्ण व्हायला हवेत. नाहीतर स्टे ताणला की बोस्प्रिट वर उचलली जाते आणि पुढची डोलकाठी सैल पडते.

दोरांच्या जाडीबद्दल एक पटकन. जुन्या तक्त्यांत दोराचं माप व्यासाचं नसतं, परिघाचं असतं, इंचांत. १:६४ साठी त्या आकड्याला ०.१२६ ने गुणलं की मिलिमीटरमध्ये व्यास मिळतो. १५ इंची मेनस्टे म्हणजे १.९ मिमी. हे माहीत नसेल तर दोर तिप्पट जाड होतो.

शेंड्यावर आधी बर्टन पेंडंट (कप्पीसाठी लोंबणारे आखूड दोर), मग श्राउडच्या जोड्या (उजवीकडची सर्वांत पुढची, मग डावीकडची, आलटून पालटून), आणि त्यांच्या वरून स्टे. श्राउड काठीला मागे आणि बाजूंना खेचतात, स्टे पुढे. एकाच बाजूचे सगळे श्राउड आधी ताणून घेतलेत तर काठी तिकडे गेली म्हणून समजा. स्टे आधी तात्पुरता, सुटणाऱ्या गाठीने बांधून ठेवा, श्राउड जोडी-जोडीने चढवा, आणि दर जोडीनंतर पुठ्ठ्याचा त्रिकोण लावून बघा. दोर तारेसारखा वाजायला हवा असा आग्रह नको. लोंबत नाही इतका ताण पुरे. डेक आणि टॉपच्या मध्ये काठीला पोट आलेलं दिसलं, तर ताण जास्त झाला आहे. टॉपगॅलंट काठ्या इतक्या बारीक असतात की एका स्टेने त्या धनुष्यासारख्या वाकतात. त्यांचे बॅकस्टे (मागे खेचणारे दोर) आणि स्टे एकाच बैठकीत, थोडे-थोडे ओढा.

परबाण सुटू नये म्हणून

खऱ्या जहाजावर परबाण दोरांनी टांगलेलं असतं, पण मॉडेलवर फक्त दोरावर विसंबलं की ब्रेस (परबाण वळवायचा दोर) ओढताना ते गोल फिरतं किंवा तुमच्या जहाजावर झालं तसं निसटतं. मध्यावर पितळी पिन घाला: ४.९ मिमीच्या परबाणाला ०.८ मिमी, २ मिमीच्या परबाणाला ०.५ मिमी. भोक परबाणाच्या आठ पैलूंपैकी मागच्या सपाट पैलूवर, मध्यरेषेवर, टोच्याने खूण करून पाडा. आठ पैलू ठेवण्याचा हा आणखी एक फायदा: गोल पृष्ठभागावर ०.५ मिमीचं बिट हमखास घसरतं. परबाणात पिन व्यासाच्या निम्म्यापर्यंत, डोलकाठीत ३ मिमी, आणि डोलकाठीतलं भोक काठी उभी करण्याआधीच पाडलेलं हवं. पिन परबाणात इपॉक्सीने पक्की, डोलकाठीत मात्र कोरडी. त्यामुळे परबाण किंचित फिरवून कोन देता येतो आणि चुकलं तर काढता येतं. भार पिनवर नाही, टांगणीच्या दोरावर आणि लिफ्टवर (परबाणाची टोकं वरून पेलणारे दोर) येऊ द्या. पिन फक्त जागा धरते.

परबाणावरचे ब्लॉक, टोकाच्या खुंट्या, स्टनसेल बूमची (जादा शिडाच्या काठीची) कडी आणि पायदोर (खलाशांनी उभं राहायचे दोर) टेबलावरच पूर्ण करा. पायदोर खऱ्या जहाजावर परबाणाखाली साधारण ३ फूट लोंबतात, म्हणजे इथे १४ मिमी. नवा दोरा ताठ असतो आणि हवेत तरंगतो. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने भिजवून, मध्ये चिमटा लटकवून सुकू द्या, मग तो झोळासारखा नैसर्गिक पडतो. उभे आधारदोर परबाणाच्या मागच्या बाजूने खाली येतात, पुढून नाही.

आणि उंची. शिडं न लावता मॉडेल करत असाल, तर टॉपसेल आणि टॉपगॅलंट परबाणं वर चढवून ठेवू नका. शीड नसताना ती खाली, कॅपच्या थोडी वर, विसावलेली असतात आणि लिफ्ट ताणलेल्या असतात. शिडासह वर चढवलेल्या परबाणाच्या लिफ्ट सैल लोंबतात. खालची मोठी परबाणं दोन्ही स्थितींत आपल्या जागी राहतात. किटच्या खोक्यावरच्या चित्रात बऱ्याचदा शिडं नाहीत पण परबाणं मात्र पूर्ण वर असतात. ते चित्र प्रमाण मानू नका.

तुमच्या सध्याच्या जहाजावर सगळं मोडण्याची गरज नाही. खालच्या काठ्या उभ्या आणि सरळ असतील तर त्या राहू द्या. कॅप तिन्ही काढून, ट्रेसलट्रीपाशी प्रत्यक्ष मोजलेल्या मध्यांतरानुसार नव्या करा, टॉपमास्ट चौकोनी पट्टीपासून नवे घडवा आणि त्यांना फिड द्या. परबाणांसाठी मात्र डोलकाठीतलं भोक आता जागेवरच पाडावं लागेल: हातातल्या पिन-व्हाइसमध्ये ०.८ मिमीचं बिट धरा, मागून काठीला बोटाचा टेकू द्या, आणि भोक पाण्याच्या रेषेला समांतर जातंय ना ते बाजूने कुणाला तरी बघायला सांगा.